कार्ड एक, माग अनेक

सोलापूरच्या पूर्व भागात चादरीचे माग चालवणाऱ्या एका परिचितांनी दिवाळीच्या तोंडावर ऑनलाइन विक्री सुरू केली. पुतण्याने पेज बनवलं, चादरींचे फोटो मन लावून काढले, पैसे भरायची सोय केली. पहिल्याच आठवड्यात एका बाईंचा फोन आला. "अहो, पत्ता भरला सगळा, पण पुढं जायचं बटणच दिसेना." मालकांनी स्वतःचा फोन उघडून बघितला. बटण जागच्या जागी. "बघ की रे, आपल्याकडं तर येतंय," ते पुतण्याला म्हणाले. पुतण्याच्या लॅपटॉपवरही ते दिसत होतं. मी तिथेच बसलो होतो. तिघंही खरं बोलत होते.

असं का होतं, हे सोलापुरात समजावायला सोपं जातं. चादरीवरची नक्षी धाग्यात आधीपासून नसते. ती मागावर बसवलेल्या जेकार्ड या नक्षीच्या यंत्रावर चढवलेल्या, छिद्रं पाडलेल्या कार्डांच्या माळेत असते. छिद्र असेल तिथे उभा धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. कार्ड म्हणजे कापड नव्हे, मागाला दिलेली सूचना आहे. वेबपेजही तसंच. इंटरनेटवरून तुमच्या फोनवर तयार पान येत नाही, सूचना येतात : इथे मथळा, तिथे फोटो, खाली बटण, रंग अमुक. त्या सूचना वाचून पान विणायचं काम तुमच्याच फोनमधला ब्राउझर करतो. म्हणजे एकच चादर हजार मागांवर, दर वेळी नव्याने विणली जाते. त्यातला एखादा माग जुना असतो, एखाद्याची रुंदी कमी असते.

ब्राउझरच्या पोटात विणकाम करणाऱ्या भागाला इंजिन म्हणतात. आज मुख्य इंजिनं तीन आहेत : क्रोमचं ब्लिंक, सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. ब्लिंक हे २०१३ साली वेबकिटमधूनच फुटून निघालं. २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा एजही ब्लिंकवर चालतो. मग तीन ठिकाणी तपासलं की झालं, असं वाटेल. पण त्याच इंजिनाच्या जुन्यानव्या आवृत्त्या, अँड्रॉइडच्या आवृत्त्या, स्क्रीनची रुंदी, फोनमधले फॉन्ट, कीबोर्ड, हे सगळं मिळून निकाल ठरतो. त्या बाईंनी चष्म्याचा त्रास नको म्हणून फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवली होती. पत्ता लिहिताना कीबोर्ड वर आला आणि तळाशी चिकटवलेलं बटण त्याच्याखाली गेलं. नुसती अक्षरं मोठी असती तर चाललं असतं, नुसता कीबोर्ड असता तरी चाललं असतं. दोन्ही एकत्र आले तिथे घोटाळा झाला.

हे हाताने तपासायचं ठरवलं तर? समजा ५ ब्राउझर, अँड्रॉइडच्या ४ आवृत्त्या, ६ रुंदीच्या स्क्रीन आणि ४ भाषा. सोलापुरात चार भाषा म्हणजे काही जास्त नाहीत. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात. गुणाकार ४८०. एका ऑर्डरला ३ मिनिटं धरली तर १,४४० मिनिटं, म्हणजे न झोपता अख्खे २४ तास. आणि पेजमध्ये एक ओळ बदलली की पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून हे काम यंत्राकडे गेलं. २००४ साली शिकागोत थॉटवर्क्स या कंपनीत काम करताना जेसन हगिन्स यांनी सेलेनियम हे साधन लिहिलं. माणूस जे करतो तेच ते ब्राउझरला करायला लावायचं : पेज उघड, नाव लिही, बटण दाब, पुढे काय आलं ते सांग. पुढे सायमन स्टुअर्ट यांच्या वेबड्रायव्हर या ब्राउझरला थेट हुकूम देणाऱ्या साधनाशी ते जोडलं गेलं आणि २०११ मध्ये सेलेनियमची दुसरी आवृत्ती आली. माझ्या मते खरा टप्पा २०१८ चा. त्या वर्षी वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने वेबड्रायव्हरला अधिकृत मानकाचा दर्जा दिला. ब्राउझरशी बोलायची एकच ठरलेली भाषा आली. एकदा लिहिलेली चाचणी क्रोमला, फायरफॉक्सला, सफारीला तशीच देता येऊ लागली. मोबाइल ॲपसाठी ॲपियम नावाचं साधन त्याच भाषेत बोलतं.

आता ४८० नाही तरी निदान चाळीस फोन कुठून आणायचे? इथे क्लाऊड येतो. या शब्दाने उगाच काहीतरी अधांतरी डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात त्या खोल्या असतात, थंड ठेवलेल्या. फळ्यांवर खरेखुरे फोन ओळीने मांडलेले, प्रत्येकाला यूएसबीची तार. तुमची चाचणी सोलापुरातल्या लॅपटॉपवरून निघते, दूरच्या त्या खोलीतल्या एका फोनवर चालते आणि परत येतात ते स्क्रीनचे फोटो, व्हिडिओ आणि कुठे काय अडलं याची नोंद. काम संपलं की फोनवरची सगळी माहिती पुसून तो पुढच्याला दिला जातो. २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेली ब्राउझरस्टॅक ही कंपनी याच व्यवसायातली. एकाच वेळी चाळीस फोनवर काम लावलं तर आपले ४८० प्रकार बारा फेऱ्यांत, ३६ मिनिटांत उरकतात.

संगणकातच खोटा फोन उभा करता येतो, त्याला एम्युलेटर म्हणतात. तो स्वस्त आणि झटपट, रोजच्या कामाला उत्तम. पण फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी अँड्रॉइडमध्ये आपापले केलेले फेरफार त्यात नसतात, तापलेला प्रोसेसर नसतो. आणखी एक गोष्ट कमी मेमरीच्या फोनवर हमखास होते. ओटीपी बघायला माणूस मेसेजमध्ये जातो, तेवढ्यात जागा करायला अँड्रॉइड मागचं ॲप बंद करून टाकतं. परत यावं तर फॉर्म कोरा. दमदार लॅपटॉपवरच्या खोट्या फोनमध्ये हे मुद्दाम घडवून आणलं तरच दिसतं.

४८० प्रकार तरी सगळे हवेत का? नाही. अनुभव असा की बहुतेक दोष एका कारणाने किंवा दोन कारणं जुळून येतात. त्या बाईंच्या बटणासारखे. तेव्हा प्रत्येक दोन गोष्टींची प्रत्येक जोडी निदान एकदा भेटेल अशा बेताने यादी आखायची. सहा रुंदी आणि पाच ब्राउझर यांच्या जोड्याच ३० होतात, बाकीच्या गोष्टी त्यांतच बसवता येतात. चारशे ऐंशीच्या जागी तीस किंवा थोड्या जास्त. हे गणित मला फार आवडतं.

यंत्राची एक खोड मात्र सांभाळावी लागते. तीच चाचणी आज पास, उद्या नापास, कोडमध्ये तर कानामात्रेचाही बदल नाही. बहुतेकदा कारण घाईचं असतं. पान अजून विणलं जात असतं आणि यंत्र बटण शोधून मोकळं होतं. "दोन सेकंद थांब" असं न सांगता "बटण दिसेपर्यंत थांब" असं सांगणं हा त्यावरचा उपाय. गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के चाचण्यांत कमीजास्त प्रमाणात असा चंचलपणा होता. ही खोड बळावली की लोक नापास निकालाकडेही दुर्लक्ष करू लागतात, आणि मग चाचणी असून नसल्यासारखी.

पण मला सगळ्यात जास्त काळजी आपल्या लिप्यांची वाटते. चाचणीत नावाच्या जागी सर्रास 'टेस्ट' असं रोमन लिपीत लिहिलं जातं आणि सगळं सुरळीत चालतं. तिथे 'मल्लिकार्जुन' लिहून बघा. वाचताना पाच अक्षरं, संगणकाच्या हिशेबी बारा चिन्हं, कारण काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. पार्सलच्या चिठ्ठीवर नाव नवव्या चिन्हावर तोडलं तर 'मल्लिकार्' एवढंच उरतं. दुसरा दोष याहून फसवा. 'नावात फक्त अक्षरं चालतील' असा नियम लिहिला जातो, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी सगळ्या लिप्यांची चिन्हं ठरवून देणाऱ्या यादीत, काना-मात्रा अक्षरांत मोडत नाहीत, त्यांचा गट निराळा. त्यामुळे 'कमल' हे नाव स्वीकारलं जातं आणि 'मीना' नाकारलं जातं. एखाद्या मीनाने स्वतःचं नाव शुद्ध लिहावं आणि फोनने ते चूक ठरवावं, ही साधी गोष्ट नाही. उर्दूत तर ओळच उजवीकडून सुरू होते. 'पुढे' जाण्याचा बाण डावीकडे वळवावा लागतो.

हे प्रकरण केवढं जाऊ शकतं ते फेब्रुवारी २०१८ मध्ये दिसलं. तेलुगूतला 'ज्ञा' एका विशिष्ट चिन्हक्रमाने लिहून मेसेजमध्ये पाठवला की समोरच्या आयफोनवरचं ॲप बंद पडायचं. अक्षरं जुळवणाऱ्या भागाला तो क्रम पेलत नव्हता. ॲपलने त्याच महिन्यात दुरुस्ती पाठवली. पण सोलापुरात घराघरांत बोलली जाणारी भाषा, तिच्या एका जोडाक्षराने फोन अडावा, हे मला आजही विसरता येत नाही.

इथे यंत्राला एक गोष्ट दिसत नाही. पानात 'कऱ्हाड' लिहिलंय का, एवढंच ते विचारतं. सूचनेत तो शब्द बरोबर असतो, म्हणून ते पास म्हणतं. स्क्रीनवर तो ऱ्ह तुटून हलन्त लोंबतोय का, हे त्याला कळत नाही. दोन फोटो ठिपका-ठिपका लावून तुलना करता येते, पण जुना फोटोच चुकीचा असेल तर चूकच प्रमाण ठरते.

त्या पुतण्याने बटण तळाला चिकटवणं सोडून पत्त्याच्या खाली ठेवलं, नावांची नवी यादी केली आणि रात्री चाचणी लावली. सकाळी चौतीसच्या चौतीस ओळी हिरव्या होत्या. तरी त्याने फोटो एकेक करून उघडले. एका जुन्या फोनवर कऱ्हाडचा ऱ्ह तुटलेला निघाला. फॉन्ट बदलून त्याने चाचणी पुन्हा लावली. कन्नड आणि उर्दूचे फोटो बाजारातल्या दोघांना दाखवून आणले. तेलुगू घरात सगळेच बोलतात, लिपी मात्र फक्त आजीला वाचता येते. मी निघालो तेव्हा लॅपटॉप तिच्यासमोर होता आणि ती चष्मा पुसत होती.