रेघा भरलेल्या, तरी नेट का अडतं?

एप्रिल-मेच्या लग्नसराईत अमळनेर-चोपड्याकडच्या कुठल्याही मंगल कार्यालयात हा प्रश्न कानावर येतोच: "टावर ते फुल्ल शे, मंग नेट काबरं चालत नही?" बाहेर पारा 44 वर असतो, त्यामुळे राउटर उन्हानं तापला असं म्हणून लोक मोकळे होतात. ऊन थोडंफार जबाबदार असेलही, पण खरी भानगड वेगळीच आहे.

मुळात वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. फोनपासून राउटरपर्यंतचा बिनतारी टप्पा एवढीच वायफायची हद्द. त्यापुढे फायबर आणि बाहेरचं जग. भरलेल्या रेघा सांगतात ते इतकंच, की राउटरचा सिग्नल फोनपर्यंत जोरात पोचतोय. रस्त्याच्या खोदकामात जेसीबीनं फायबर तोडली, तरी रेघा जशाच्या तशा राहतात.   

मला भुरळ घालते ती हवेतली रांग. एका चॅनेलवर, म्हणजे रेडिओलहरींच्या एका ठरावीक पट्टीत, एका वेळी एकाच फोननं किंवा राउटरनं बोलायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांचाही डेटा वाया जातो. बरं, बोलता बोलता टक्कर झाली हे फोनमधल्या रेडिओला कळतही नाही, कारण त्याचा स्वतःचा सिग्नल समोरून येणाऱ्या सिग्नलच्या कोट्यवधी पट ताकदीचा असतो. मग करायचं काय? लोडशेडिंगच्या रात्री ओट्यावर बसलेली माणसं करतात तेच: आधी कानोसा घ्यायचा, सगळे गप्प झाले की जरा थांबायचं आणि मग तोंड उघडायचं. 'जरा' म्हणजे किती, ते प्रत्येक फोन मनातल्या मनात चिठ्ठी काढून ठरवतो. साधारणपणे 0 ते 15 मधला एक आकडा निघतो आणि फोन तेवढे टप्पे मोजतो. आजच्या बहुतेक वायफायमध्ये एक टप्पा 9 मायक्रोसेकंदांचा असतो. मोजता मोजता दुसरा कोणी बोलू लागला, तर मोजणी तिथेच थांबते आणि शांतता झाली की पुढे सुरू होते. पाकीट, म्हणजे डेटाचा एक छोटा तुकडा, पोचल्याची पोच आली नाही, तर टक्कर झाली असं समजायचं आणि पुढची चिठ्ठी 0 ते 31 मधून काढायची, मग 0 ते 63, असं करत 1023 पर्यंत. गर्दी वाढली की सगळे आपोआप जास्त थांबतात. त्यासाठी कोणी मॅनेजर लागत नाही. टक्कर झाली की मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा पाठवायचं, ही युक्ती 1971 साली हवाई बेटांवरच्या अलोहानेट या रेडिओ जाळ्यात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरली. आधी कान देण्याची सुधारणा नंतरची.

पण यात एक मेख आहे. पाळ्या समान वाटल्या जातात, वेळ नाही. 1500 बाइटचं पाकीट म्हणजे 12,000 बिट. राउटरजवळचा फोन 54 मेगाबिटच्या वेगानं ते 0.22 मिलिसेकंदात पाठवून मोकळा होतो. पार वाहनतळाशी उभा असलेला, जेमतेम सिग्नल मिळणारा जुना फोन 1 मेगाबिटवर घसरला, तर त्याच पाकिटाला 12 मिलिसेकंद घेतो, आणि तोवर बाकीचे गप्प. असा एकटा फोन अख्ख्या मांडवाचं नेट खाली ओढतो. धाब्याच्या घरात आणखी एक त्रास: जाड मातीच्या भिंतीच्या दोन बाजूंचे फोन राउटरला ऐकू येतात, पण एकमेकांना नाही. कानोसा घेऊनही हवा मोकळीच वाटते, दोघं एकदम बोलतात आणि टक्कर होते.

जाता जाता रेडिएशनबद्दल. 2020 च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी मोबाइलचं रेडिएशन कमी करणारी शेणाची 'चिप' सादर केली होती. तसली स्टिकरंही बाजारात मिळतात. रेडिओलहरी खरंच अडल्या असत्या, तर फोन लागलाच नसता! वायफायच्या एका फोटॉनपेक्षा (फोटॉन म्हणजे लहरींच्या ऊर्जेचा सगळ्यात छोटा कण) साध्या दिव्याच्या उजेडातल्या फोटॉनमध्ये सुमारे दोन लाख पट ऊर्जा असते. त्या उजेडाला कोणी स्टिकर लावत नाही.

आता उपाय. 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात 1, 6 आणि 11 हे तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता एकत्र चालतात. शेजाऱ्यांची गर्दी ज्यावर कमी, तो निवडावा. 5 गिगाहर्ट्झवर चॅनेल भरपूर, पण भिंत आली की तो सिग्नल लवकर दमतो. एक्सटेंडर, म्हणजे सिग्नल लांबवर पोचवणारा डबा, घेताना मात्र विचार करा: साधा एक्सटेंडर तेच पाकीट त्याच चॅनेलवर पुन्हा बोलून दाखवतो, म्हणजे रांगेत आणखी एकाची भर. त्यापेक्षा टीव्ही जागचा हलत नाही ना, मग त्याला सरळ केबल जोडा. तेवढी हवा फोनांना मोकळी.