हौद, बादली आणि पाच मिनिटांचं चार्जिंग

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघरी हौद. हौदात पाणी भरपूर मावतं, पण बारीक नळाने तो भरता भरत नाही. बादली क्षणात भरते आणि क्षणात उपडी होते, पण तिच्यात मावतं किती? विजेच्या बाबतीत बॅटरी म्हणजे हौद, आणि वीज झटकन साठवून झटकन सोडणारा कपॅसिटर म्हणजे बादली.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली. चार्ज करताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, ग्रॅफाइट या कार्बनच्या थरांमध्ये शिरतात. घाई केली की आमच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या गर्दीच्या बोळासारखी गत होते. आत जाता न आलेलं लिथियम दाराशीच धातू होऊन साचतं. मग बॅटरीचं आयुष्य घटतं, शॉर्टसर्किटची भीती वाढते. त्यात विद्युतप्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट. आपल्याकडच्या मे महिन्यात हा हिशेब विसरून चालत नाही.

सुपरकपॅसिटरमध्ये, म्हणजे मोठ्या क्षमतेच्या कपॅसिटरमध्ये, आयन आत शिरतच नाहीत, कार्बनच्या पृष्ठभागाला नुसते चिकटतात. रासायनिक क्रिया नाही, म्हणून काही सेकंदांत चार्ज, आणि तेही लाखो वेळा. हा सच्छिद्र कार्बन नारळाच्या करवंटीपासूनही बनतो. एका ग्रॅमच्या छिद्रांचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या वर जातो, म्हणजे चिमूटभर कोळशात दहा गुंठे रान! एवढं असूनही किलोमागे ऊर्जा मावते ती साधारण ५ ते १० वॉट-तास; चांगल्या लिथियम बॅटरीत दीडशेच्या पुढे. शिवाय नुसता ठेवला तरी तो हळूहळू उतरतो. शांघायमध्ये २००६ पासून सुपरकपॅसिटरवर चालणाऱ्या बस धावल्या. थांब्यावर थोडं चार्जिंग, की पुढे. ठरलेल्या मार्गाला हे जमतं, गावभर फिरणाऱ्या रिक्षाला नाही.

म्हणून आता मधले मार्ग शोधले जाताहेत. लिथियम-आयन कपॅसिटरमध्ये एक बाजू बॅटरीची, दुसरी कपॅसिटरची. किंवा बॅटरीतच ग्रॅफाइटऐवजी लिथियम टायटनेट हे संयुग वापरलं तर धातू साचण्याचा धोका जवळपास टळतो आणि दहा-पंधरा मिनिटांत चार्जिंग होतं. मात्र त्याच वजनात ऊर्जा कमी मावते, किंमतही जास्त. मला स्वतःला रिक्षासाठी हाच सौदा बरा वाटतो. रोजच्या भाड्यांत रात्रभर प्लगला लावून ठेवण्यापेक्षा चहाच्या वेळात चार्ज झालेली बरी.

पण खरी अडचण बॅटरीच्या बाहेर आहे. ई-रिक्षाच्या बॅटरीत सुमारे ५ युनिट वीज मावते. ती पाच मिनिटांत भरायची तर ६० किलोवॉट लागतात, म्हणजे दीड किलोवॉटचे चाळीस एसी एकदम सुरू केल्यासारखं. स्टँडवर अशा चार रिक्षा लागल्या तर गल्लीतला ट्रान्सफॉर्मर काय म्हणेल? त्यावर एक तोड आहे. चार्जिंग स्टेशनावरच विजेचा मोठा साठा ठेवायचा, तो दिवसभर सावकाश भरायचा आणि रिक्षा आली की झटकन ओतायचा. थोडक्यात, बादलीच्या शेजारी पुन्हा एक हौद.