चार तारांत आठ नॉच

मालगाडीला तीन डिझेल इंजिनं जोडल्याचे व्हिडिओ फिरत असतात आणि खाली हमखास लिहिलेलं असतं : 'तीन इंजिनं, तिप्पट वेग!' हे साफ चूक आहे. एकमेकांना जोडलेल्या इंजिनांचा वेग एकच असणार. वाढते ती ओढ. गोव्यातल्या कुळेपासून कर्नाटकातल्या कॅसलरॉकपर्यंतच्या घाटात ३७ ला १ असा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. तिथे मालगाडीला पुढे-मागे जादा इंजिनं लावतात ती वजन वर चढवायला, पळवायला नव्हे. मागून ढकलणाऱ्या इंजिनावर, म्हणजे बँकरवर, वेगळा चालक असतो. पुढे जोडलेल्या इंजिनांवर मात्र एकाच चालकाचा हात चालतो, आणि खरी गंमत तिथेच आहे.

ही इंजिनं वेगवेगळ्या जातीची असली तर? १९५० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सचं १७५० अश्वशक्तीचं जीपी-९ आणि आल्को कंपनीचं १६०० अश्वशक्तीचं आरएस-३ एकाच गाडीला जुंपलं जाई. एकाचं डिझेल इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त ८३५ फेरे घेणारं, दुसऱ्याचं १०००. तरी जमायचं, कारण दोघांमधल्या २७ तारांच्या केबलमधून 'इतके फेरे घे' असा हुकूम जातच नाही. जोर कमी-जास्त करायच्या दांड्यावर, म्हणजे थ्रॉटलवर, चालकाचा हात कितव्या नॉचवर (टप्प्यावर) आहे, एवढंच कळवलं जातं. ते पाळायचं कसं, हे ज्याचं त्याने पाहायचं.

नॉच आठ, पण त्यासाठी तारा फक्त चार : ए, बी, सी, डी. जीपी-९ च्या गव्हर्नरमध्ये, म्हणजे इंजिनाचे फेरे ठरवणाऱ्या यंत्रात, प्रत्येक तारेला एक सोलेनॉइड, म्हणजे वीज आली की झडप हलवणारा विद्युतचुंबक. इंजिन नुसतं सुरू असताना २७५ फेरे. ए ने ८० वाढतात, सी ने १६०, बी ने ३२०. डी उलट १६० कमी करतो. दुसऱ्या नॉचला नुसता ए : ३५५. तिसऱ्याला सी : ४३५. चौथ्याला ए आणि सी : ५१५. सहाव्याला चारही : ६७५. आठव्याला ए, बी, सी : बरोबर ८३५! आणि डी एकटाच आला तर इंजिन बंद. संगणक घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी ८०, १६०, ३२० अशी दुपटीची बेरीज तेलकट झडपा करत होत्या. मला हे फार सुंदर वाटतं.

बाल्डविन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीची बरीचशी इंजिनं या मेळात बसत नसत. त्यांचा थ्रॉटल हवेच्या दाबावर चालणारा. विजेच्या तारेवरून आलेला नॉच त्यांना कळणार कसा? आपल्याकडची डब्ल्यूडीएम-२ ही डिझेल इंजिनं मात्र आल्कोच्या घराण्यातली, त्यांनाही आठच नॉच.

केबल जुळली तरी चढावर एक अडचण उरतेच. यांतलं डिझेल इंजिन फक्त वीज तयार करतं, चाकं फिरवतात त्या विजेवरच्या डीसी ट्रॅक्शन मोटरी. वेग उतरला की या मोटरींमधून प्रवाह जास्त वाहतो आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून प्रत्येक इंजिनाला एक किमान वेग ठरवून दिलेला असतो. त्याखाली पूर्ण जोर लावून फार वेळ ओढलं तर मोटर जळते. कुणाची ही मर्यादा ताशी १५ किलोमीटर, कुणाची २० असेल, तर अख्ख्या गाडीला २० पाळावी लागते. त्यामुळे घाटात किती वजन न्यायचं हे ठरवताना नुसती अश्वशक्तींची बेरीज करून भागत नाही. त्यातून, त्या काळच्या चालकासमोरचा अॅमीटर दाखवायचा तो फक्त त्याच्याच इंजिनाचा प्रवाह. मागच्याच्या मोटरी किती तापल्या हे त्याला दिसत नसे.