'अ' की 'ॲन': अक्षर पाहू नये, उच्चार ऐकावा

'इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर ए, ई, आय, ओ किंवा यू असेल तर त्यापूर्वी ॲन (an), अन्यथा अ (a)', असा नियम शाळेपासून व्याकरणाच्या फॉरवर्ड संदेशांपर्यंत सर्वत्र सांगितला जातो. बहुतेक शब्दांना तो लागू पडत असल्यामुळेच तो टिकून आहे. मात्र निर्णय अक्षरावर नव्हे, तर उच्चारातील पहिल्या ध्वनीवर अवलंबून असतो.

जुन्या इंग्रजीत 'एक' या अर्थाच्या शब्दातच 'न' हा ध्वनी होता; पुढे व्यंजनध्वनीपूर्वी तो गळाला आणि स्वरध्वनीपूर्वी, बोलणे अडू नये म्हणून, राहिला. त्यामुळे 'युनिव्हर्सिटी'चे स्पेलिंग यूने सुरू होत असले तरी उच्चार 'य'ने होतो, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'अंब्रेला' मात्र त्याच अक्षराने सुरू होऊनही 'ॲन' घेते. ओने लिहिल्या जाणाऱ्या 'वन'च्या आरंभी 'व' ऐकू येतो, म्हणून 'अ वन-वे स्ट्रीट', तर 'अवर' म्हणजे तास या शब्दातील एच मूक असल्याने 'ॲन अवर'. लघुरूपांनाही हेच लागू आहे: 'ॲन एमबीए', पण 'अ यूएसबी केबल'.

पडताळण्यासाठी लगतचा शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहावा: आरंभी स्वर आला तर 'ॲन', व्यंजन आले तर 'अ'. लगतचा शब्द म्हणजे नाम असेलच असे नाही. 'ॲन ओल्ड युनिव्हर्सिटी'मध्ये निर्णय 'ओल्ड' करतो. आपल्याकडे 'ऑनेस्ट'चा उच्चार 'हॉनेस्ट' असाही ऐकू येत असल्याने शंका आल्यास शब्दकोशातील उच्चार पाहावा. 'हर्ब'सारखा एखादा शब्द तर ब्रिटनमध्ये 'अ' आणि अमेरिकेत, जिथे त्यातील एच मूक असतो, 'ॲन' घेतो. दोन्ही बरोबरच आहेत.