डॉवर (विधवेचा तृतीयांश)

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये नवरा वारल्यावर त्याच्या जमिनीतला जो हिस्सा विधवेला तहहयात मिळे, त्याला डॉवर म्हणत. हा हुंडा नव्हे. माहेराने मुलीबरोबर दिलेल्या जमिनीला ‘मारिटागियम’ म्हणत आणि तिचा हिशोब वेगळा असे. डॉवर स्त्रीधनासारखे पूर्ण मालकीचेही नव्हते. उत्पन्न तिचे, पण ती गेल्यावर जमीन नवऱ्याच्या वारसाकडे परत जाई.

लग्न चर्चच्या दाराशी लागे आणि नवरा तिथेच, चारचौघांत, डॉवर जाहीर करी. शयनगृहात किंवा मरणशय्येवर दिलेला शब्द कायदा मानत नसे. बाराव्या शतकाच्या अखेरीस लग्नाच्या दिवशी हाती असलेल्या जमिनीचा तिसरा हिस्सा ही कमाल मर्यादा होती. 1217 च्या मॅग्ना कार्टात (राजाने दिलेल्या हक्कांच्या सनदेत), दाराशी कमी ठरले नसेल तर, नवऱ्याने हयातीत धारण केलेल्या सर्व जमिनीचा तिसरा हिस्सा असे ठरले. मूळ 1215 च्या सनदेने विधवेला 40 दिवस नवऱ्याच्या घरात राहण्याची मुभा दिली. डॉवर याच मुदतीत मोजून द्यायचे होते. तिला पुनर्विवाहाची सक्ती करता येणार नाही, असेही त्यात आहे. मात्र जमीन थेट राजाकडून मिळालेली असेल, तर त्याच्या परवानगीशिवाय लग्न करणार नाही अशी हमी तिला द्यावी लागे.

राजाकडून थेट जमीन मिळालेल्या सरदाराचा मृत्यू झाला की एस्चीटर हा राजाचा अधिकारी जमीन ताब्यात घेई, पंच बोलावून प्रत्येक मॅनरचे (सरदाराच्या इस्टेटीचे) वार्षिक उत्पन्न लिहून घेई आणि मग वाटणी होई. कधी अख्खी मॅनर तोडून देत, कधी प्रत्येक मॅनरचा तिसरा भाग. दुसरा प्रकार कटकटीचा. एकाच वाड्यातल्या काही खोल्या, बागेचा तुकडा, गिरणीच्या उत्पन्नाचा तिसरा वाटा, आणि बाकी सगळे सावत्र मुलाचे, असाही संसार होई.

खरी अडचण नवऱ्याने हयातीत विकलेल्या जमिनीची, कारण डॉवर तिच्यावरही लागे. विधवेला एकेका खरेदीदारावर दावा लावावा लागे; खरेदीदार विक्रीच्या वेळी मिळालेल्या हमीसाठी नवऱ्याच्या वारसाला कोर्टात ओढी; वारस अज्ञान असला की प्रकरण रखडे. म्हणून शहाणा खरेदीदार व्यवहार राजाच्या कोर्टात ‘फाइन’ (दंड नव्हे, कोर्टात नोंदलेला करार) करून घेई. त्यात बायकोही पक्षकार असे, आणि न्यायाधीश तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन संमती विचारत. ‘हो’ म्हटले की त्या जमिनीवरचे डॉवर संपले. घरी परतल्यावर नवऱ्याशीच गाठ असणाऱ्या बाईच्या या ‘हो’ला किती मोल द्यायचे, हा प्रश्न उरतोच.

1285 च्या वेस्टमिन्स्टरच्या दुसऱ्या कायद्याने आणखी एक दार बंद केले. नवऱ्याला सोडून परपुरुषाबरोबर राहणारी स्त्री, नवऱ्याने स्वखुशीने परत घेतली नसेल तर, डॉवर गमावी. जॉन द कॅमॉइस याने तर आपली पत्नी मार्गारेट हिला शिक्कामोर्तब केलेल्या लेखाने विल्यम पेनेल याच्या हवाली केले होते. जॉन वारल्यावर दोघांनी लग्न केले, डॉवर मागितले, व्यभिचाराच्या आरोपातून मुक्त केल्याचे चर्चचे दाखलेही आणले. 1302 मध्ये निकाल विरुद्ध गेला: नवऱ्याने स्वतः लिहून दिले असले तरी ती घर सोडून गेली होती.

पुढे ‘जॉइंचर’ची पद्धत रूढ झाली, यात काही जमीन नवराबायकोच्या संयुक्त नावावर ठेवत. नवरा गेला की ती वाटणीविना तिच्याकडे राही. वारसांना डॉवर आणि जॉइंचर एकत्र आले की धडकीच भरे. नॉरफकची डचेस कॅथरिन नेव्हिल 1432 मध्ये विधवा झाली आणि नवऱ्याच्या माउब्रे घराण्याच्या जमिनीचा मोठा भाग अर्धशतक तिच्याकडे राहिला. 1465 मध्ये तिने चौथे लग्न केले ते राजा चौथ्या एडवर्डच्या राणीचा विशीतला भाऊ जॉन वुडव्हिल याच्याशी. एका समकालीन इतिवृत्तकाराने याला ‘सैतानी विवाह’ म्हटले आणि तिचे वय जवळपास 80 लिहिले. प्रत्यक्षात ती पासष्टीच्या आसपास होती. 1469 मध्ये वुडव्हिलचा शिरच्छेद झाला. मुलगा, नातू, पणती सगळे तिच्याआधी गेले. 1483 मध्येही ती हयात होती.