घरचं बियाणं, नावावर वाण: पारंपरिक भाताची नोंदणी कशी करावी

वालय, बेळा, सोरटी, खारेपाटातला (खाऱ्या जमिनीतला) राता ही कोकणातली भातं आपल्या वाडवडिलांनी लोंबी लोंबी निवडून टिकवली. पेंढ्याच्या मुडीत बांधलेलं ते बियाणं सरकारदरबारी बहुधा कुणाच्याच नावावर नसतं, आणि मला हीच मोठी जोखीम वाटते. 2019 मध्ये गुजरातेतल्या बटाटा उत्पादकांवर पेप्सिकोने वाणाच्या हक्कावरून कोटी-कोटीच्या भरपाईचे दावे लावले होते. देशभर ओरड झाली तेव्हा ते मागे घेतले.

त्या वेळी शेतकऱ्यांची बाजू उभी राहिली ती 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यातल्या कलम 39 वर. बियाणं राखणं, पेरणं, शेजाऱ्याला देणं, बदलणं, विकणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही. हा हक्क नोंदणी केली नाही तरी आहेच. नोंदणीने वाण कुणाचं, ते कागदावर येतं.

अर्ज एकटा शेतकरी, शेतकऱ्यांचा गट किंवा सारा गावसमाज करू शकतो. मी तर म्हणेन, गावानेच करावा. लावणीला तरवा (भाताची रोपं) कमी पडला की शेजारच्या घरचा आणायचा, अशीच ही वाणं जगली आहेत. ती एका घराची कशी म्हणायची?

अर्ज दिल्लीच्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क प्राधिकरणाकडे जातो. पुण्यात त्याचं शाखा कार्यालय आहे. वाणाचं नाव, उंची, पिकायचे दिवस, दाण्याचा रंग ही माहिती लिहायची. सोबत एक शिफारस हवी: पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष किंवा सचिव, जिल्हा कृषी अधिकारी, आदिवासी विकास अधिकारी किंवा कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक यांपैकी एकाची. आपल्याकडे विद्यापीठ म्हणजे दापोलीचं. गावातली समिती कागदावरच असेल तर आधी ग्रामसभेत तो विषय काढा. शेतकऱ्याला फी नाही. कलम 44 ने ती माफ आहे, म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

अर्ज बहुतेक अडतो तो बियाण्यापाशी. नमुना उगवणारा, औषध न चोळलेला आणि एकजिनसी लागतो. वाण नवं असण्याची अट नाही, पण वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता तपासतात. एकसारखेपणात शेतकऱ्यांच्या वाणांना थोडी सवलत आहे. तरी कापणीआधी शेतात फिरून वेगळ्या उंचीची, वेगळ्या रंगाची लोंबी बाजूला काढा. हे काम घरातल्या म्हाताऱ्या बायकांइतकं कुणाला जमत नाही; त्यांना सोबत न्या.

अर्ज स्वीकारला की प्राधिकरणाच्या पत्रिकेत जाहिरात येते आणि हरकतींना 3 महिने मिळतात. दुसऱ्याच्या नावाने आपलंच भात जाहीर झालं, तर हरकत याच मुदतीत घ्यायची. भातासाठी संरक्षण 15 वर्षांचं असतं.