त्रिशंकू आपल्या क्षितिजाखाली का चाललाय?

‘सदर्न क्रॉस बघायचा तर ऑस्ट्रेलियालाच जायला हवं,’ असं चांगली शिकलेली माणसंही सांगतात. ते चूक आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या झेंड्यांवरचा हा तारकासमूह, म्हणजे आपला त्रिशंकू, महाराष्ट्रातून आणि गोव्यातून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आकाशाच्या ८८ तारकासमूहांत तो सर्वांत लहान आहे.

हिशोब शाळेतल्या भूगोलाचा आहे. ९० मधून आपला अक्षांश वजा करा, मग ताऱ्याची दक्षिण क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासून तो किती अंश दक्षिणेला आहे, ते वजा करा. उरेल ती ताऱ्याची क्षितिजापासूनची जास्तीत जास्त उंची. त्रिशंकूच्या पायथ्याचा ॲक्रक्स हा तारा ६३ अंश दक्षिणेला आहे. मुंबईतून तो ८ अंश वर येतो, पणजीतून साधारण ११ अंश.

पण ही क्रांती कायमची नाही, आणि मला त्रिशंकूचं वेड आहे ते यासाठीच. इ.स. १५० च्या सुमारास इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात बसून टॉलेमी या खगोलशास्त्रज्ञाने हे तारे नरतुरंग या शेजारच्या तारकासमूहाच्या पायांत नोंदवले होते. आज त्याच शहरातून ॲक्रक्स उगवतच नाही. तारा होता तिथेच आहे. सरकला तो पृथ्वीचा अक्ष.

स्वतःभोवती फिरत असल्यामुळे पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे. तिथला व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने जास्त भरतो. हा फुगवटा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्याची जी बाजू चंद्राकडे असते तिच्यावर चंद्राची ओढ किंचित जास्त, पलीकडच्या बाजूवर किंचित कमी. सूर्याचंही तसंच, पण चंद्राचा वाटा त्याच्या दुपटीहून थोडा अधिक. या फरकातून फुगवट्याला कक्षेच्या पातळीत आणू पाहणारा पीळ तयार होतो. मग अक्ष सरळ उभा का होत नाही? कारण फिरत्या पृथ्वीचा कोनीय संवेग, म्हणजे तिच्या फिरण्याचा जोर, अक्षाच्या दिशेने असतो आणि पिळामुळे त्यात पडणारी भर त्याला काटकोनात असते. काटकोनातली इवलीशी भर संवेग वाढवत नाही, फक्त त्याची दिशा वळवते. दिशा वळली की पीळही वळतो, आणि नवी भर पुन्हा काटकोनातच पडते. म्हणून अक्ष उभा न होता बाजूला सरकत राहतो, कललेल्या भोवऱ्याची मान गोल फिरते तसा. कल जवळपास तेवढाच राहतो. एका फेरीला सुमारे २५,८०० वर्षं लागतात, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश. हेच परांचन.

त्यामुळे त्रिशंकू सध्या शंभर वर्षांत अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दक्षिणेला जातो. या वेगाचा हिशोब पुढे नेला तर दीड-दोन हजार वर्षांत ॲक्रक्स मुंबईतूनही दिसेनासा होईल.

मकर संक्रांत आणि उत्तरायणाचा खरा आरंभ यांत आज तीन आठवड्यांहून जास्त अंतर आहे, तेही परांचनामुळेच. ‘अक्ष सरकतोय, आता प्रलय’ किंवा ‘राशी बदलल्या, भविष्य बदललं’ असे मेसेज पुढे पाठवू नका. ही गती ग्रीक खगोलशास्त्रज्ञ हिपार्कसने इ.स.पू. दुसऱ्या शतकात ओळखली होती. आणि जन्मावेळी सूर्य कुठल्या ताऱ्यांपुढे होता याचा माणसाच्या नशिबाशी तेव्हाही संबंध नव्हता, आजही नाही.

मेच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. क्षितिज मोकळं हवं. कोकण किनारा किंवा सह्याद्रीचा एखादा कडा उत्तम. हस्त नक्षत्राच्या चौकोनावरून सरळ खाली या. वरच्या टोकाचा तांबूस गॅक्रक्स आधी नजरेत भरेल; तो ८८ प्रकाशवर्षांवरचा लाल राक्षसी तारा आहे. ॲक्रक्स त्याच्या खाली सहा अंशांवर, क्षितिजाजवळच्या धुरकट हवेत थोडा मंदावलेला. नौका तारकासमूहाच्या भागात असाच एक मोठा, फिकट क्रॉस आहे आणि अनेक जण त्यालाच त्रिशंकू समजतात. खात्री करायला डावीकडे पाहा: मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे शेजारी असतील, तरच तो त्रिशंकू.